ऑरिगा बटरफ्लाय माशाला पांढरे ठिपके आणि एक डोळा धुरकट. दुकानदार म्हणतो निळं औषध घाला. घालू का?

सदू_ठाणेकर

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या माशांत पंचवीस वर्षं काढली, पण खाऱ्या पाण्यात येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

टाकी ४ × १.५ × २ फूट, खाली सम्प (फिल्टरची टाकी), २० किलोच्या आसपास लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड). खारटपणा १.०२५, तापमान २६.५ (सातव्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवण्याचा शहाणपणा केला, त्यामुळे चिलर घ्यावाच लागला). अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आत दोन क्लाउन, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी, चार गोगलगायी.

नऊ दिवसांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून चार इंची ऑरिगा बटरफ्लाय आणला. लहानपणी वडील तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे तेव्हा काचेला नाक लावून हा मासा पाहिला होता. डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी, पाठीवर दुसरा खोटा डोळा. पन्नाशी उलटल्यावर तो घरी आणला, आणि आनंदाच्या भरात थेट मोठ्या टाकीत सोडला. हो, क्वारंटाइन केलं नाही. ओरडा खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

सहाव्या दिवसापासून दगडाला अंग घासतोय. परवा परांवर पांढरे ठिपके दिसले, मोजून सात-आठ. रंग मळका झालाय. डावा डोळा जरा धुरकट वाटतो, पण तो पट्टीतच असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. मुलीने मोबाइलवर व्हिडिओ काढून श्वास मोजले, मिनिटाला ९६ भरले. खाणं कमी झालंय. मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाद्य) तोंडात घेतो आणि थुंकतो.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मिथिलीन ब्लू घाला, दोन दिवसांत साफ." बाटली आणून ठेवली आहे. टाकीत घालू का?

निऑन_निख्या

काका टेन्शन नका घेऊ, इच आहे, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, सगळ्यांना होतो. टेंपरेचर ३० वर न्या, लसणाचा रस खाण्यात मुरवून द्या. क्लीनर कोळंबी आहे ना, बाकीचं ती खाऊन टाकेल. माझ्या मॉलीचा असाच गेला होता.

मीनाक्षी_पुणे

सदूभाऊ, ती बाटली आधी कपाटात ठेवा. निळं औषध मोठ्या टाकीत गेलं की फिल्टरमधले जिवाणू मरतात, दगड निळे होतात आणि परजीवी मजेत राहतात.

निखिल, मॉली गोड्या पाण्यातली ना? तो इच वेगळा आणि हा वेगळा. गोड्या पाण्यात तापमान वाढवून काम होतं. समुद्रातल्या इचचा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, त्याला ३० अंश चांगले मानवतात. वर गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मिनिटाला ९६ श्वास घेणाऱ्या माशाला आणखी गरम पाण्यात ठेवणं म्हणजे दमेकऱ्याला पर्वती चढायला लावणं. लसणाने फार तर खाण्याला वास येतो. आणि कोळंबी माशाची साफसफाई करते, रोग बरा करत नाही.

आता मुद्द्याचं. मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे निदानाआधी औषध म्हटलं की माझं डोकं फिरतं. "पांढरे ठिपके" हा रोग नाही, ती तक्रार आहे. बटरफ्लायच्या अंगावर पांढरं दिसण्याची चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. मी ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून लक्षात ठेवते.

रव्याचे दाणे चिकटल्यासारखे, सुटे, मोजता येणारे ठिपके असतील तर क्रिप्टोकॅरिऑन. आज दिसतील, परवा गायब होतील. माणसाला वाटतं बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून माशावरून उतरलेला असतो आणि तळाला, दगडाला चिकटून कोश करून बसलेला असतो. त्या एका कोशातून शेकडो पिल्लं निघतात आणि पुढच्या खेपेला रवा मूठभर होतो.

पिठीसाखर भुरभुरल्यासारखं, मोजता न येणारं, खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला की सोनेरी धुळीसारखं चमकणारं ते वेल्व्हेट. हा दिवसांत नाही, तासांत मारतो, कारण आधी कल्ल्यांत शिरतो. २०१६ मध्ये शुक्रवारी रात्री माझे पाचही मासे ठीक होते, रविवारी दुपारी एकही नव्हता. अंगावर साखर दिसायच्या आधीच त्यांनी पंप ज्या कोपऱ्यात पाणी फेकतो तिथे तोंड करून उभं राहायला सुरुवात केली होती. मला वाटलं खेळतायत.

परांच्या कडेला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोळे असतील तर लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, बटरफ्लायला वरचेवर होतो. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पाणी आणि खाणं नीट ठेवा, काही आठवड्यांत आपोआप जातो. लोक उगाच तांब्याच्या औषधाने मारतात, रोगाला नव्हे, माशाला.

कुशीवर लालसर, खरचटल्यासारखा डाग उठला आणि दिवसागणिक पसरला तर युरोनेमा. त्यात मी दोनदा हरले आहे, एकदाही जिंकले नाही, म्हणून शहाणपणा शिकवत नाही.

आणि राहिले तीळ. म्हणजे फ्लूक, त्वचेवरच्या चपट्या कृमी. खाऱ्या पाण्यात त्या काचेसारख्या पारदर्शक असतात, दिसतच नाहीत. मासा अंग घासतो, धापा टाकतो, रंग उतरतो, आणि त्यांना डोळ्याचा पडदा आवडत असल्यामुळे डोळा धुरकट होतो. तुम्ही डोळ्याची गोष्ट जाता जाता लिहिलीत. मला सगळ्या पोस्टमध्ये तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. बटरफ्लायचा खरा डोळा काळ्या पट्टीत दडलेला असतो, म्हणून धुरकटपणा आपल्याला उशिरा कळतो. टॉर्च समोरून नको, तिरका मारा, आणि दोन्ही डोळे ताडून पाहा.

माझा अंदाज फ्लूकचा आहे. रवाही असू शकतो, दोन्ही एकत्र असणं अजिबात नवल नाही. खात्री करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, काळं घमेलं लागतं. आज संध्याकाळी गोड्या पाण्याची आंघोळ घाला:

आरओचं पाणी घ्या, नळाचं नको, क्लोरीन असतं. तापमान टाकीइतकंच करा, थर्मामीटर दोन्हीकडे बुडवून बघा. चिमूट-चिमूट खायचा सोडा घालून पीएच टाकीच्या जवळ आणा. एअर पंपाचा दगड अर्धा तास आधीपासून चालू ठेवा. मग मासा अलगद आत. जाळीने नको, ऑरिगाच्या पाठीचे काटे जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन सोडा. पाच मिनिटं. पहिल्या मिनिटाला तो आडवा पडेल आणि तुमचा जीव वरखाली होईल, पण थांबा. कल्ले हलायचेच थांबले तर मात्र लगेच खाऱ्या पाण्यात परत. फ्लूक असतील तर गोड्या पाण्यात त्या पांढऱ्या पडून सुटतात आणि काळ्या तळावर तीळ सांडल्यासारख्या दिसतात.

आंघोळीने फ्लूक उतरतात, पण टाकीतली त्यांची अंडी मरत नाहीत. रव्यावर तर या आंघोळीचा उपयोग जवळपास नाहीच. तेव्हा आंघोळीनंतर मासा मोठ्या टाकीत परत टाकू नका. वेगळी टाकी लावा: वाळू नाही, दगड नाही, सम्पमध्ये मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे एल्बो, हीटर, झाकण. स्पंज मुरलेला नसेल तर रोगाच्या आधी अमोनिया मारेल.

तांब्याचं औषध आज आणू नका. का, ते सांगते. २०१४ मध्ये माझा पहिला कॉपरबँड (तोही बटरफ्लायच) मी तांब्याने मारला. एका प्रकारच्या औषधाची मात्रा लिटरला ०.५ मिलिग्रॅम, दुसऱ्या प्रकाराची जवळपास २.५. मी औषध एका प्रकारचं आणि टेस्ट किट दुसऱ्या प्रकारचं वापरलं. किटने कमी दाखवलं, मी आणखी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो एल्बोच्या आत उभाच मेलेला होता, चोच वर करून. लॅबमध्ये दिवसाला दोनशे नमुने तपासणारी बाई घरी किटचा कागद वाचायला विसरली. तांबं वाईट नाही, वेल्व्हेटला तर दुसरं फारसं काही चालत नाही, पण बटरफ्लायला ते तीन-चार दिवसांत हळूहळू चढवावं लागतं, रोज मोजावं लागतं, आणि त्याने खाणं तुटतं. आधीच थुंकणाऱ्या माशाला ते परवडत नाही.

घमेल्यात काय पडलं ते कळवा. आकडा लिहा, "बरेच" नको.

तांडेल_मालवण

गाववाल्यानू, तुमका राग येयत पण सांगतंय. मासो घेतानाच बघूक होयो.

मी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती लोकांना स्नॉर्कलिंगला नेतो. आमच्याकडे लांब पांढऱ्या तुऱ्याचा बॅनरफिश दिसतो, तो तुमच्या ऑरिगाचा भाऊबंदच. मी हा मासा पाण्यात कधी स्वस्थ उभा पाहिला नाही. जोडीने फिरतात आणि दिवसभर टोचत असतात. इथे एक चोच, तिथे एक चोच. तुम्ही त्याला सकाळी एकदा, रात्री एकदा वाढत असाल. तो उपाशी नाही राहणार तर काय? दिवसाला पाच वेळा थोडं थोडं घाला, मग अंगात रोगाशी झुंजायला काही उरेल.

दुकानात मासा वरून बघा, बाजूने नको. डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी बारीक झाली असेल तर तो मासा घेऊ नये, कितीही स्वस्त देवो. दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर खायला घाल. खाल्लं नाही तर नमस्कार करून निघा. ऑरिगा निदान काहीही खायला शिकतो. मेयरी, शेवरॉन वगैरे नुसत्या प्रवाळावर जगणारे, ते टाकीत उपाशी मरतात. आणि आपल्याकडच्या समुद्रातलं प्रवाळ तोडून घालीन म्हणाल तर त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या मालवणच्या पाण्याला तर १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे.

थुंकणाऱ्याला तिसऱ्या द्या. ताज्या नको, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग. शिंपला उघडून अर्धा तसाच टाकीत ठेवा. चोच त्यासाठीच दिली आहे त्याला.

सदू_ठाणेकर

मीनाक्षीताई, आकडा: अकरा.

सविस्तर लिहितो, कारण हात अजून थरथरतोय. काळं घमेलं नव्हतं, गवंड्याकडून मागून आणलं आणि तीनदा धुतलं. मुलगी मोबाइलवर वेळ लावून बसली. मासा सोडला, चाळिसाव्या सेकंदाला तो आडवा झाला. मी काढायला हात घातला तर मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी थांबा लिहिलंय." दीड मिनिटाने डोळ्याजवळ काहीतरी पांढरं उठून आलं, नखाच्या कडेएवढं. ते लोंबलं आणि सुटलं. मग कुशीवरून एक, शेपटीजवळून दोन. पाच मिनिटांनी पाणी गाळून भिंगाखाली धरलं (तिकिटं जमवायचो त्या काळातलं भिंग). चपटे, लंबगोल, एका टोकाला वाटीसारखं काहीतरी. अकरा तीळ.

माळ्यावरची जुनी अडीच फुटी टाकी काढली आहे, शंभर लिटर भरते. सम्पमध्ये स्पंज होताच, नशीब. ऑरिगा आता तिथे आहे. रात्री दहाला श्वास ७४.

आज बाजारात तिसऱ्या आणायला गेलो. मावशी वाटा करून बसल्या होत्या. मी म्हटलं, चार द्या. "चार वाटे?" "नाही, चार तिसऱ्या." त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "चार तिसऱ्यांचं काय कालवण करनार, दादा?" माशाला घालायच्यात म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत, शेजारणीला मात्र मोठ्याने सांगितलं.

निखिलच्या पोस्टवरून कोणी त्याला बोलू नका, मीही तेच करणार होतो.

मीनाक्षी_पुणे

अकरा म्हणजे चार इंची माशावर बरेच आहेत. वाटीसारखं दिसलं त्यानेच ते चिकटतात. छान पाहिलंत.

आता प्राझिक्वाँटेल (कृमींवरचं औषध), लिटरला २.५ मिलिग्रॅम. तुमच्या शंभर लिटरला २५०. औषधाच्या काळात एअर पंप जोरात ठेवा, ते पाण्यातला प्राणवायू खेचतं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, नाहीतर तो औषधच गिळेल. सहा-सात दिवसांनी पुन्हा एकदा तेवढंच, कारण मधल्या काळात अंड्यांतून नवीन बाहेर येतात.

आणि मोठ्या टाकीतल्या क्लाउनवर नजर ठेवा. ऑरिगाच्या परांवरचे ते सात-आठ ठिपके तीळ नव्हते.

सदू_ठाणेकर

तीन दिवसांनी लिहितोय. तुमची जीभ काळी आहे, ताई. दोन्ही क्लाउनच्या अंगावर रवा. बारीक, सुटा, मोजता येणारा. ऑरिगाचा डोळा मात्र निवळलाय आणि त्याने पहिली तिसरी अर्ध्या तासात कोरून साफ केली. चोच आत घालून ओढतो, तेव्हा शिंपला काचेवर टकटक वाजतो. शेजारच्या खोलीत ऐकू येतं.

आता तांबं आणू का?

मीनाक्षी_पुणे

वेल्व्हेट नाही ना, खात्री केलीत? टॉर्च मारून? मग तुमच्या जागी मी तांब्याऐवजी खारटपणा उतरवीन. बटरफ्लाय ते तांब्यापेक्षा बरं सोसतात, खाणं तुटत नाही, आणि कमी खारटपणा फ्लूकनाही मानवत नाही. एका दगडात दोन पक्षी.

सगळे मासे त्या टाकीत हलवा. सगळे. डॅमसेल दगडात दडून बसेल, दगड काढावे लागतील, शिव्या द्याल, तरी काढा. दोन दिवसांत थोडं थोडं खारं पाणी काढून आरओ घालत १.००९ वर या. १.०१२ वर थांबून "जवळपास झालं" म्हणायचं नाही, तिथे तो परजीवी जगतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आधी तपासून घ्या, आणि काट्याचा हायड्रोमीटर असेल तर तो माळ्यावर परत ठेवा. शेवटचा ठिपका दिसल्यानंतर तीस दिवस तिथेच. पीएच घसरतो, सोडा लागेल. परत चढवताना घाई नको, आठवडाभर घ्या. मासे उतरताना सहज उतरतात, चढताना त्रासतात.

कोळंबी आणि गोगलगायी मोठ्या टाकीतच राहू द्या, १.००९ त्यांना मारेल. मोठी टाकी माशांविना ७६ दिवस रिकामी ठेवा. अंगावर बसायला मासा मिळाला नाही की कोशातून निघालेली पिल्लं मरतात, पण काही कोश फार उशिरा फुटतात, म्हणून इतके दिवस.

हे वेल्व्हेटवर चालत नाही, पुन्हा सांगते. कोणी हा धागा शोधून वाचलात तर हे वाक्य दोनदा वाचा.

निऑन_निख्या

७६ दिवस नुसती दगडांची टाकी बघायची??

मीनाक्षी_पुणे

कोळंबी आहे ना, तुझी लाडकी.

सदू_ठाणेकर

आज मोठी टाकी रिकामी होऊन एकेचाळीस दिवस झाले. कॅलेंडरवर फुल्या मारतोय.

आधी वाईट बातमी. लहान क्लाउन गेला, आणि रोगाने नाही, माझ्या चुकीने. पाचव्या रात्री अर्धी खाल्लेली तिसरी एल्बोच्या मागे राहिली. तांडेल भाऊंनी ठेवायला सांगितलं होतं, काढायचं मला कळायला हवं होतं. सकाळी उग्र वास, अमोनिया १ च्या वर. खारटपणा उतरवल्यामुळे स्पंजही ढेपाळला होता. निम्मं पाणी बदललं, तोवर तो तळाला होता. आता शिंपला दोन तासांनी बाहेर, घड्याळ लावून. किती टाकले आणि किती काढले ते पाटीवर लिहितो.

डॅमसेलला पकडायला वीसच्या वीस किलो दगड बादल्यांत काढावे लागले. तो शेवटच्या दगडाच्या भोकात सापडला. दगडासकट उचलला तेव्हा भोकातून पाणी गळालं आणि पाण्याबरोबर तोही बादलीत पडला.

शेवटचा रवा नवव्या दिवशी दिसला. त्यानंतर एकही नाही. ऑरिगाचा श्वास ६२ ते ६६, रोज संध्याकाळी मुलगी मोजते, तिने वहीच केली आहे. पाठ भरली आहे, वरून पाहिल्यावर पाते दिसत नाही. मायसिस, कोळंबीचा चुरा, तिसऱ्या, काल तर क्लाउनच्या गोळ्याही पळवल्या. दिवसाला पाच वेळा वाढतो. मावशी आता मला पाहिलं की न विचारता चार तिसऱ्या वेगळ्या काढतात, आणि पैसे घेतात.

दोन प्रश्न राहिलेत. एक: तीस दिवस परवा भरले, आता खारटपणा चढवायला घेतो. पण मोठ्या टाकीचे अजून पस्तीस दिवस बाकी आहेत, तोवर तिघांना शंभर लिटरमध्येच ठेवायचं ना? ऑरिगा आताच डॅमसेलला कोपऱ्यात दाबतो. मधे भोकांची जाळी लावू का? दोन: त्याच दुकानात दुसरा ऑरिगा आला आहे. मी फक्त बघायला गेलो होतो. वरून पाहिला, पाठ भरलेली आहे, माझ्यासमोर खाल्लं. आणला तर त्याला वेगळी टाकी लागेल, आणि माळ्यावर अजून एक दोन फुटी आहे.